न वटणारे रूबल

१९५३च्या जुलैत जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेचं अधिवेशन चालू होतं. स्टालिनला जाऊन जेमतेम चार महिने झाले होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या गरीब देशांना तज्ज्ञ आणि यंत्रसामग्री पुरवण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी तांत्रिक साहाय्याचा एक मोठा कार्यक्रम आखला होता. सोव्हिएत संघ तोवर त्याकडे ढुंकूनही बघत नव्हता. ही सगळी भांडवलदार देशांची चाल आहे, असा मॉस्कोचा सूर असे. त्या अधिवेशनात मात्र सोव्हिएत प्रतिनिधीने अचानक हात सैल सोडला आणि कार्यक्रमासाठी ४० लाख रूबल जाहीर केले. तेव्हाच्या सरकारी दराने हे १० लाख डॉलर होत होते.

पैसे आले आणि तिथूनच अडचण सुरू झाली. रूबल हे सोव्हिएत हद्दीबाहेर न चालणारं चलन. ते मोडून डॉलर किंवा पौंड घेण्याची सोय नव्हती. खर्च करायचे तर यंत्रं सोव्हिएत कारखान्यांतूनच घ्यायची आणि तज्ज्ञही तिथलेच बोलवायचे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांना सवय पाश्चात्त्य बाजारातल्या खरेदीची. रशियन तज्ज्ञ हवेत म्हणणारी सरकारंही तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. त्यामुळे रूबल जमा होत राहिले आणि पडून राहिले. या पैशाला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते भारताच्या रूपाने, आणि तो वटला मुंबईच्या वेशीवर, पवईत. आयआयटी मुंबईच्या जन्मकथेत पं. नेहरूंची दूरदृष्टी असते, टेकड्या असतात, तलाव असतो. पण मुळात कुणालाच नको असलेलं एक चलन कुठेतरी खपवायचं होतं आणि ते कसं खपवून घ्यायचं हे आपल्याकडच्या काही माणसांना नेमकं कळलं होतं, ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

संस्थेची कल्पना रूबलांपेक्षा जुनी होती. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात नियोजन आणि विकास हे खातं सर अर्देशीर दलाल यांच्याकडे होतं. दलाल मुंबईचे पारशी गृहस्थ, आधी आयसीएस अधिकारी आणि मग टाटांच्या पोलाद कारखान्यातले बडे प्रशासक. युद्धानंतर देशात कारखाने उभे राहतील, पण ते चालवायला इंजिनिअर कुठून आणायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तेव्हाची आपली इंजिनिअरिंग कॉलेजं मुख्यतः सरकारी बांधकाम खात्याला माणसं पुरवत. पुण्याचं कॉलेज १८५४ सालचं, पण तेही याच परंपरेतलं. १९४५ साली नलिनी रंजन सरकार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पूर्व, पश्चिम, उत्तर आणि दक्षिण अशा चार दिशांना चार मोठ्या तंत्रसंस्था काढाव्यात, अशी शिफारस तिने केली. समितीच्या डोळ्यांपुढे नमुना होता अमेरिकेतल्या एमआयटीचा.

पूर्वेची संस्था आधी झाली. खरगपूरजवळ हिजली इथे इंग्रजांनी राजबंद्यांना डांबून ठेवण्यासाठी एक छावणी बांधली होती. १९३१ साली तिथे गोळीबारात दोन बंदी मारले गेले होते. त्याच इमारतीत १९५१ साली पहिल्या आयआयटीचे वर्ग सुरू झाले. पश्चिमेची संस्था मुंबईजवळ व्हायची होती, पण तिजोरीत परकीय चलन नव्हतं. प्रयोगशाळेतलं बहुतेक प्रत्येक यंत्र बाहेरून आणावं लागणार होतं आणि दुसरी पंचवार्षिक योजना सुरू होताच चलनाची चणचण आणखीच तीव्र झाली. अशा वेळी एक डॉलरही न मोजता यंत्रांनी भरलेल्या पेट्या बंदरात उतरणार असतील, तर त्या रशियातून येतात म्हणून नाक मुरडणं आपल्याला परवडणारं नव्हतं.

राजकारणाचा वाराही अनुकूल होता. फेब्रुवारी १९५५मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. जूनमध्ये नेहरू सोव्हिएत संघात जाऊन आले आणि वर्षाअखेरीस बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतभर फिरले. सोव्हिएत संघ १९५४मध्ये युनेस्कोचा सभासद झालाच होता. तेव्हा मदत मॉस्कोची असली तरी ती युनेस्कोमार्फत घ्यायची असं ठरलं. यात तिघांचंही भागत होतं. युनेस्कोला साठलेल्या रूबलांना वाट करून द्यायची होती. सोव्हिएत संघाला आशियातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीत पाय रोवायचा होता. आणि दिल्लीला सोव्हिएत यंत्रं हवी होती, पण सोव्हिएत शिक्का नको होता. येणारे प्राध्यापक युनेस्कोचे तज्ज्ञ म्हणून येणार होते. संस्था, तिची जमीन, इमारती, पगार आणि रोजचा खर्च भारत सरकारचा राहणार होता. पुढे जे काही घडलं, त्याची किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे.

या कामासाठी नियोजन अधिकारी म्हणून निवड झाली ती पुरुषोत्तम काशिनाथ केळकर यांची. केळकरांचा जन्म १९०९ सालचा, धारवाडचा. शिक्षण मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. विद्युत अभियांत्रिकीतली डॉक्टरेट इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाची. १९४३पासून ते माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये विद्युत विभागाचे प्रमुख होते. गिरणगावाला आणि शहरातल्या कारखान्यांना हात देणारी ही जुनी संस्था. कारखान्याला कसा माणूस लागतो हे केळकरांनी तिथे जवळून पाहिलं होतं. संस्था कशी उभी करतात याचा वस्तुपाठ त्यांना पवईत मिळाला. आणि त्या वस्तुपाठाचा उपयोग पुढे त्यांनी भलत्याच ठिकाणी केला.

हा सगळा काळ मुंबईत धगधगता होता. फ्लोरा फाउंटनवर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले हुतात्मे पडले होते. मुंबई कुणाची, हा प्रश्न नाक्यानाक्यावर पेटला होता. १९५६च्या नोव्हेंबरात द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. आयआयटीसाठी पवईची साडेपाचशे एकर जमीन दिली ती याच मुंबई राज्याने. वर्तमानपत्रांत तोफा डागल्या जात असताना दिल्ली, पॅरिसमधली युनेस्को आणि मॉस्को यांच्यात या जमिनीवर काय उभं राहणार याचा पत्रव्यवहार चालू होता. जमिनीच्या एका बाजूला विहार तलाव, दुसऱ्या बाजूला पवई तलाव, मागे डोंगर आणि जंगल. पवई तलाव १८९०च्या सुमारास मुंबईला पाणी पुरवण्यासाठी बांधलेला, पण त्याचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही. काठावर पद्मावती देवीचं देऊळ होतं, ते आजही कॅम्पसच्या आवारातच आहे. शहराच्या दृष्टीने मात्र ही जागा म्हणजे जवळजवळ रानच होतं.

इमारती उभ्या राहीपर्यंत थांबायचं नाही, असं ठरलं. वरळीला कृत्रिम रेशीम गिरण्यांच्या संशोधन संस्थेची, सस्मिराची, इमारत होती. तिच्यात जागा मिळाली आणि २५ जुलै १९५८ रोजी तिथे वर्ग सुरू झाले. पहिल्या वर्षाच्या १०० जागांसाठी ३,४००हून अधिक अर्ज आले होते. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, रसायन आणि धातुशास्त्र या पदवी अभ्यासक्रमांसाठी ही पोरं गिरण्यांच्या पट्ट्यात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात अभ्यासाला बसली. सात-साडेसात महिन्यांनी, १० मार्च १९५९ रोजी, पं. नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली. पहिले संचालक होते ब्रिगेडिअर एस. के. बोस. फौजेतल्या माणसाच्या शिस्तीत डोंगर फोडून रस्ते, वसतिगृहं, प्रयोगशाळा अशी उभारणी सुरू झाली. १९६१च्या कायद्याने संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा आणि स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला.

सोव्हिएत तज्ज्ञ आले ते या बांधकामाच्या धुरळ्यात. १९५६ ते १९७३ या काळात सोव्हिएत विद्यापीठांमधून आणि तंत्रसंस्थांमधून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ पवईत काम करून गेले. उलट दिशेने युनेस्कोच्या २७ शिष्यवृत्त्यांवर इथले अध्यापक प्रशिक्षणासाठी सोव्हिएत संघात गेले. सतरा वर्षांच्या मानाने हा आकडा छोटा वाटतो. पण हे लोक पहिल्या वर्षाच्या मुलांना गणित शिकवायला आलेले नव्हते. पदव्युत्तर अभ्यासक्रम कसे आखायचे, कुठली प्रयोगशाळा आधी उभी करायची, तिच्यात कुठलं यंत्र कुठे बसवायचं आणि ते चालवणारी भारतीय माणसं कशी तयार करायची, ही त्यांची कामगिरी होती. पेट्या उघडायच्या, यंत्र जोडायचं, चालू करून दाखवायचं आणि इथल्या माणसाच्या हातात देऊन परत जायचं.

अडचणी मोठ्या होत्या. शिकवण्याची भाषा इंग्रजी, तर पाहुण्यांपैकी कित्येकांना ती जेमतेम येत असे. दुभाषांच्या मदतीने चर्चा चालत. यंत्रांवरच्या पाट्या रशियन लिपीत आणि माहितीपुस्तिकाही रशियनच. एखादा सुटा भाग मोडला तर तो मॉस्कोहून यायचा आणि त्यासाठी दोन्हीकडच्या दफ्तरांतून कागद फिरायचे. यंत्रं दणकट होती, जड होती, एकदा बसली की वर्षानुवर्षं चालणारी. नाजूक मोजमापांच्या उपकरणांत मात्र पाश्चात्त्य माल सरस ठरायचा, हे इथल्या अध्यापकांना दिसत होतं. त्यांतले कितीतरी जण ब्रिटन-अमेरिकेत शिकून आलेले होते. त्यांच्या टेबलावरची पाठ्यपुस्तकं अमेरिकन किंवा इंग्लिश आणि बाजूला उभं यंत्र रशियन, असं चित्र विभागाविभागात होतं.

खरा मतभेद होता तो इंजिनिअर म्हणजे कोण, यावर. सोव्हिएत पद्धतीत शिक्षण मंत्रालयांच्या गरजेप्रमाणे आखलेलं असे. अमुक इतके वेल्डिंगचे, अमुक इतके टर्बाइनचे तज्ज्ञ लागणार, तर तितके तयार करा. विद्यार्थी लवकर एका अरुंद शाखेत शिरतो आणि बाहेर पडताना त्याची नोकरी ठरलेली असते. भारतात अशी नोकरी ठरवून देणारं खातं नव्हतं. इथल्या मुलाला उद्या रेल्वेत जायचं की खासगी कारखान्यात, की परदेशी, हे पदवी हातात पडेपर्यंत ठाऊक नसे. म्हणून त्याचा पाया रुंद हवा, असा इथल्या लोकांचा आग्रह होता. पवईने सोव्हिएत प्रयोगशाळा घेतल्या, विशेष अभ्यासक्रमांच्या कल्पना घेतल्या, पण अभ्यासक्रमाचा अंतिम शब्द आपल्याकडे ठेवला. तज्ज्ञ सल्ला देत आणि निर्णय संस्थेचे अध्यापक घेत. मदतीच्या करारांत हा फरक कागदावर सगळीकडेच लिहिलेला असतो. तो व्यवहारात टिकतो का, हे पगार कोण देतो यावर ठरतं. पवईत पगार भारत सरकार देत होतं.

दरम्यान दिल्लीने इतर दिशांनाही हात पसरले होते. १९५६च्या जुलैत नेहरू पश्चिम जर्मनीला गेले, तेव्हा तिथल्या सरकारने तंत्रशिक्षणाची एक संस्था उभारून देण्याची तयारी दाखवली. त्यातून मद्रासची आयआयटी आली. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्रीय मंत्री हुमायून कबीर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. राजभवनाच्या गिंडी जंगलातल्या जागेत ती वसली. इथे मधे युनेस्को नव्हती. करार थेट बॉन आणि दिल्ली यांच्यात झाला. जर्मनांनी प्राध्यापकांबरोबर वर्कशॉपचे फोरमनही पाठवले, आणि यात त्यांचा विचार उघड होता. हाताला तेल लागल्याशिवाय इंजिनिअर होत नाही, ही जर्मन कारखान्यांची जुनी श्रद्धा. मद्रासच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला वर्कशॉपचे तास भरपूर आले. ज्या ब्राह्मणी-मध्यमवर्गीय घरांतून बरीच पोरं येत, तिथे कानस आणि हातोडा हातात धरणं ही काही सहज गोष्ट नव्हती. दिल्लीच्या संस्थेला ब्रिटनचं साहाय्य मिळालं. आणि उत्तरेतली कानपूरची आयआयटी अमेरिकेच्या वाट्याला गेली.

भिलाई रशियाचं, रुरकेला जर्मनीचं, दुर्गापूर ब्रिटनचं, अशी पोलाद कारखान्यांची वाटणी याच वर्षांत झाली होती. आयआयटींची वाटणी तिच्याशी इतकी जुळते की तो योगायोग मानणं कठीण आहे. अलिप्ततावाद हा परराष्ट्र धोरणातला मोठा शब्द. त्याचं रोजचं रूप असं होतं. कुणा एकाकडून सगळं घ्यायचं नाही. एकाने काही दिलं की दुसऱ्याला कळेल असं बघायचं. मग दुसरा त्याहून चांगलं देऊ करतो. चार संस्था, चार दाते, आणि कायदा मात्र चौघींना एकच. त्यामुळे पवई रशियन झाली नाही, मद्रास जर्मन झालं नाही आणि कानपूर अमेरिकन झालं नाही. अर्थात कानपूर त्याच्या बरंच जवळ गेलं होतं.

कानपूरला डिसेंबर १९५९मध्ये पहिले संचालक म्हणून गेले ते केळकरच. पवईतला सोव्हिएत साहाय्याचा प्रकल्प आखणारा माणूस आता अमेरिकन साहाय्याची संस्था उभी करायला निघाला होता. सुरुवात झाली ती हारकोर्ट बटलर टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूटच्या कँटीनच्या इमारतीतल्या एका खोलीत. १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं एमआयटी, कॅलटेक, बर्कली, प्रिन्स्टन, पर्ड्यू यांच्यासह नऊ अमेरिकन विद्यापीठांचा गट कानपूरबरोबर काम करत होता. केळकरांनी तिथे विज्ञान आणि मानव्यविद्यांना अभियांत्रिकीच्या बरोबरीचं स्थान दिलं. परदेशांत शिकलेल्या तरुण भारतीयांना बोलावून घेतलं आणि त्यांना मोकळा हात दिला. ऑगस्ट १९६३मध्ये कानपुरात आयबीएम १६२० हा संगणक आला आणि विद्यार्थी स्वतः त्यावर प्रोग्रॅम लिहू लागले. देशात संगणक शिकायचा तर कानपूर, असं समीकरण पुढची कित्येक वर्षं टिकलं.

पवईच्या वाट्याला मिन्स्क आला. मिन्स्क-२ हा सोव्हिएत बनावटीचा संगणक साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पवईत बसला. आता जरा त्याच्याजवळ जाऊन पाहू. खोलीभर कपाटं, आत ट्रान्झिस्टर. आत शिरायचं ते कागदी फितीला भोकं पाडून. एक भोक चुकलं तर फीत पुन्हा पाडायची. त्याच्या एका शब्दात ३७ बिट मावत, आणि आज्ञा लिहायच्या त्या आठांच्या आकडेमोडीत, यंत्राला थेट समजतील अशा भाषेत. कुठली संख्या स्मृतीच्या कुठल्या घरात आहे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः ध्यानात ठेवायचं. कानपूरचा विद्यार्थी फॉर्ट्रनमध्ये सूत्र लिहून मोकळा होत असताना पवईचा विद्यार्थी यंत्राच्या पोटात हात घालून बसलेला असे. त्याला संगणक आतून कळला, हे खरं. पण जगभरचे लोक ज्या भाषेत आणि ज्या यंत्रांवर काम करत होते, त्यांच्यापासून तो लांब राहिला. मोठं गणित असेल तर कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अमेरिकन बनावटीचा सीडीसी ३६०० होता. एकाच शहरात दोन महासत्तांची यंत्रं होती आणि संशोधकाने कुठे जायचं हे त्याच्या गणितावर ठरत असे.

१९६५मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात स्वतंत्र करार झाला आणि युनेस्कोच्या मदतीला जोड म्हणून थेट मदतही सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेने स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातल्या कुशल माणसांना दार उघडलं. पवईच्या भवितव्यावर पहिल्या घटनेपेक्षा दुसरीचा परिणाम जास्त झाला. रूबलांनी घडवलेल्या प्रयोगशाळांत शिकलेला मुलगा अमेरिकन पाठ्यपुस्तकं वाचत होता, इंग्रजीत परीक्षा देत होता आणि अमेरिकन विद्यापीठं त्याला शिष्यवृत्ती देत होती. मॉस्कोला जाऊन पुढे काय करायचं, याचं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं. पवईचे एक अध्यापक आणि नंतरचे संचालक प्रा. सुहास सुखात्मे यांनी ऐंशीच्या दशकात सहकाऱ्याबरोबर या प्रश्नाचा माग काढला. १९७३ ते १९७७ या काळात पवईतून पदवी घेतलेल्यांपैकी जवळपास ३१ टक्के परदेशात स्थायिक झाले होते आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेत.

यावर सोव्हिएत संघ फसला, असं म्हणायचा मोह होतो. पण मॉस्कोचा हिशेब काही एका पवईवर चालत नव्हता. विद्यार्थ्यांची मनं जिंकायची तर त्यांना आपल्याकडे आणावं लागतं, हे तिथल्या धुरीणांना कळत होतंच. १९६० साली त्यांनी मॉस्कोत लोकमैत्री विद्यापीठ काढलं आणि पुढच्या वर्षी काँगोचे मारले गेलेले नेते पॅट्रिस लुमुंबा यांचं नाव त्याला दिलं. आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतले हजारो विद्यार्थी तिथे रशियन शिकून इंजिनिअर आणि डॉक्टर झाले. पवईचा नमुना वेगळा होता. तिथे परदेशी शिक्षक विद्यार्थ्यांच्या देशात आला, त्यांच्या भाषेत अडखळला आणि काम संपल्यावर निघून गेला. देणाऱ्याला अशा पद्धतीत निष्ठा मिळत नाही. घेणाऱ्याला मात्र संस्था मिळते.

सोव्हिएत शिक्षणाचा एक झरा मात्र प्रयोगशाळांच्या बाहेरून आला आणि खोल मुरला. मीर प्रकाशनाची स्वस्त इंग्रजी पुस्तकं इथे आली. इरोदोव्हच्या भौतिकशास्त्रातल्या उदाहरणांच्या पुस्तकाने आयआयटीची प्रवेश परीक्षा देणाऱ्या पिढ्यान् पिढ्या घाम गाळायला लावल्या, अजूनही लावतं. त्याच सुमारास लोकवाङ्मय गृहाच्या दुकानात मराठीत भाषांतरित झालेली सोव्हिएत पुस्तकं दोन-चार रुपयांत मिळत. जाड कागद, रंगीत चित्रं, भक्कम बांधणी. गावोगावच्या शाळामास्तरांच्या आणि कार्यकर्त्यांच्या घरांत ती पोचली. मिन्स्क कधीच भंगारात गेला, पण इरोदोव्ह कोटाच्या क्लासपासून लातूरच्या क्लासपर्यंत टिकून आहे.

केळकर १९७०मध्ये पवईला परतले, या वेळी संचालक म्हणून. आदल्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळालं होतं. चौदा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या संस्थेचा आराखडा त्यांनी कागदावर मांडला होता, ती आता हजारो माणसांचं गाव झाली होती. १९७३मध्ये युनेस्को-सोव्हिएत साहाय्याचा अध्याय संपला तो त्यांच्याच कारकिर्दीत. १९७४मध्ये ते निवृत्त झाले आणि १९९०मध्ये गेले. सोव्हिएत आणि अमेरिकन अशी दोन्ही साहाय्यं आतून पाहिलेला, दोन्हींचा उपयोग करून घेतलेला आणि दोन्हींपैकी कुणाचाही न झालेला असा दुसरा माणूस त्या पिढीत सहजी सापडत नाही. कानपूरच्या ग्रंथालयाला आज त्यांचं नाव आहे. महाराष्ट्रात मात्र हे नाव इंजिनिअरांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच कुणाला आठवतं.

१९७३ साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवं. आयआयटींमध्ये अनुसूचित जाती आणि जमातींसाठी राखीव जागा आल्या त्या या वर्षी, म्हणजे खरगपूरच्या पहिल्या वर्गानंतर बावीस वर्षांनी. चार देशांचे तज्ज्ञ आले, यंत्रं आली, अभ्यासक्रमांवर रात्र रात्र चर्चा झाल्या. पण या वर्गात कोण बसतं आणि कोण बसत नाही, हा प्रश्न कुठल्याही करारात नव्हता. क्रांतीचा देश म्हणवणाऱ्या सोव्हिएत संघानेही तो विचारल्याचं दिसत नाही. तसा तो त्यांनी विचारायचाही नव्हता, विचारायचा होता आपणच. अभ्यासक्रमाचा लगाम हातात ठेवणाऱ्यांना प्रवेशाच्या दाराकडे पाहायला इतका उशीर लागला, ही या यशोगाथेतली उधारी आहे आणि ती कुठल्याही परक्या दात्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

आज काटा उलटा फिरला आहे. परदेशी विद्यापीठं आपल्या नावाच्या पाट्या घेऊन भारतात येत आहेत. आणि २०२३मध्ये मद्रास आयआयटीने टांझानियातल्या झांझिबार इथे स्वतःचं कॅम्पस सुरू केलं आहे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी जर्मन फोरमनांकडून कानस धरायला शिकलेली संस्था आता आफ्रिकेतल्या मुलांना शिकवते आहे. यात अभिमान वाटण्यासारखं नक्कीच आहे. पण घेणाऱ्याच्या खुर्चीवर बसून आपण जे शिकलो, ते देणाऱ्याच्या खुर्चीवर बसताना विसरायला होतं. झांझिबारमध्ये अभ्यासक्रमाचा शेवटचा शब्द कुणाचा, अध्यापक कोण नेमतो, आपण निघून आल्यावर तिथे काय उरेल आणि त्या वर्गात तिथल्या कुणाच्या लेकरांना जागा मिळते, हे प्रश्न आता तिथल्या लोकांनी आपल्याला विचारायचे आहेत. ते त्यांनी अडवून विचारले, प्रसंगी दुसऱ्या एखाद्या देशाकडून जास्त चांगलं पदरात पाडून घेतलं आणि शेवटी आपल्याला नम्रपणे निरोप दिला, तर समजायचं की आपली मदत कामी आली.